उंबरखिंड: घरच्यांना घेऊन रणभूमी कशी पाहावी

उंबरखिंड म्हणजे शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये मुघलांची फौज कोंडली ती लोणावळ्याच्या घाटाखालची खिंड. तिथे निघण्याआधी घरात एक गोष्ट सांगून टाका: तिथे किल्ला नाही. बुरूज, दरवाजा, तोफ, राजवाड्याचं जोतं, काही म्हणजे काही नाही. अंबा नदीचं दगडगोट्यांचं पात्र, तिथे उभारलेलं स्मारक, आजूबाजूला झाडी आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत, एवढंच. हे आधी सांगितलं नाही तर गाडीतून उतरल्यावर तिसऱ्या मिनिटाला ‘आता पुढे काय?’ असा प्रश्न येतो. आमच्याकडे आला होता. पहिल्या खेपेला आम्ही स्मारकासमोर फोटो काढले, पाटी वाचली आणि पंचवीस मिनिटांत परत गाडीत बसलो. मुलांच्या लेखी त्या दिवशी लक्षात ठेवण्यासारखा होता तो खोपोलीचा वडापाव.

चूक आमचीच होती. किल्ला पाहायची सवय डोळ्यांना लागलेली असते, आणि रणभूमी त्या सवयीने पाहिली की रिकामी दिसते. इथे बांधकाम नाही, जमीन वाचायची असते. उंबरखिंडीच्या लढाईत तर अर्धी लढाई जमिनीनेच केली. म्हणून ही जागा दोन टोकांकडून पाहावी लागते: आधी वरून, लोणावळ्यामागच्या कुरवंडे गावाकडून, जिथून मुघलांची फौज घाट उतरली, आणि मग खालून, चावणी गावापाशी, जिथे ती अडकली. दोन्ही एका दिवसात होतं. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

दिवस कोणता धरावा

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, हा काळ सगळ्यात चांगला. लढाई २ फेब्रुवारी १६६१ ची. त्या सुमाराला गेलात तर झाडी कितपत दाट असते, पाणी कुठे उरलेलं असतं, दुपारी ऊन किती चटका देतं, हे सगळं लढाईच्या दिवसाच्या जवळपासचं मिळतं. खुद्द २ फेब्रुवारीला चावणीत विजयदिनाचा कार्यक्रम असतो. वातावरण छान असतं, पण गर्दीही असते. लहान मुलांना शांतपणे काही दाखवायचं असेल तर त्याच्या आधीचा किंवा नंतरचा एखादा दिवस धरा, शक्यतो शनिवार-रविवार सोडून.

पावसाळ्यात जाऊ नका. हिरवंगार दिसतं, मान्य आहे, आणि लोणावळ्याला येणारे सगळे त्याच हिरव्यासाठी येतात. पण तुम्हाला उतरायचं आहे ते नदीच्या पात्रात, आणि अंबा नदीला वरच्या घाटातलं पाणी फार झपाट्याने येतं. याच नदीच्या काठी, याच रस्त्यावर पुढे जांभूळपाडा गाव आहे. जुलै १९८९ मध्ये एका रात्रीत आलेल्या पुराने या गावात किती माणसं नेली, हे तिथल्या जुन्या माणसांना विचारावं लागत नाही, ती आपणहून सांगतात. खाली ऊन असलं तरी वर कोसळत असू शकतं. जून ते सप्टेंबर हे ठिकाण यादीतून काढून टाका.

एप्रिल-मे मोठ्यांना चालेल, पण सोबत सत्तरीपुढचं कुणी असेल तर नको. एकदा आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सासऱ्यांना घेऊन गेलो आणि साडेअकरालाच त्यांना भोवळ आली. खिंडीत वारा म्हणून नसतो. त्याच वारा नसण्याची गोष्ट पुढे लढाईत येणार आहे, पण ती सासऱ्यांवर आजमावून पाहायची गरज नव्हती.

आदल्या रात्री: पलंग, रजई आणि वाटीभर मसूर

गोष्ट जागेवर जाऊन सांगायला सुरुवात केली तर मुलं ऐकत नाहीत. तिथे दगड असतात, डबकी असतात, खेकडे असतात. गोष्ट आदल्या रात्री घरी सांगा. जागेवर फक्त ती ‘कुठे घडली’ हे शोधायचं ठेवा.

आमची पद्धत अशी. पलंग म्हणजे देश, म्हणजे घाटावरचा मुलूख, फरशी म्हणजे कोकण आणि पलंगाची कड म्हणजे सह्याद्री. पलंगावरून एक जाड रजई खाली फरशीपर्यंत सोडायची आणि तिला मधोमध एक खोल, अरुंद चुणी पाडायची. ही चुणी म्हणजे कुरवंड्याचा घाट आणि खालची उंबरखिंड. आता वाटीभर मसूर पलंगावरून या चुणीत ओता. ओतताना वाटी केवढी रुंद आणि चुणीत उतरताना दाण्यांची रांग केवढी बारीक, हे मुलांना लगेच दिसतं. मग चुणीचं खालचं तोंड एका मुलाला मुठीने बंद करायला सांगा आणि वरचं दुसऱ्याला. झाली लढाई. बाकी तपशील यावर चढवायचे.

ते तपशील थोडक्यात असे. मे १६६० मध्ये औरंगजेबाचा मामा शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला. ऑगस्टमध्ये त्याने चाकणचा संग्रामदुर्ग घेतला. पण त्या छोट्याशा भुईकोटासाठी फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याला पन्नासहून अधिक दिवस झुंजवलं. एका भुईकोटाला एवढे दिवस, तर डोंगरी किल्ल्यांना किती, हा हिशेब खानाने केला असणारच. पुढचा डाव त्याने कोकणावर टाकला. कल्याण, भिवंडी, पनवेल, नागोठणे, चौल हा स्वराज्याचा श्रीमंत आणि मोकळा भाग. त्यासाठी त्याने कारतलबखान या उझबेक सरदाराला मोठी फौज देऊन पुण्याहून पाठवलं.

कारतलबखान तळेगाव, वडगाव, मळवलीवरून लोणावळ्याच्या बाजूला आला. लोहगड-विसापूरच्या पायथ्यावरून गेला, पण कुणी अडवलं नाही. त्याला वाटलं वाट मोकळी आहे. नेहमीचा बोरघाट सोडून तो कुरवंड्याच्या वाटेला लागला आणि घाट उतरून खाली रानात शिरला. शिवाजी महाराज तिथे आधीच येऊन बसले होते. खिंडीचं पुढचं तोंड रोखलेलं, मागची घाटवाट रोखलेली, दोन्ही अंगांच्या झाडीत मावळे. बंदुका, बाण आणि वरून लोटलेले धोंडे. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, पाणी नाही, वारा नाही.

यात मुलांना हटकून आवडणारं पात्र म्हणजे रायबागन. माहूरच्या उदाराम घराण्यातली ही बाई मुघलांच्या बाजूने आपली फौज घेऊन कारतलबखानाबरोबर आली होती. ‘रायबागन’ ही तिला मिळालेली पदवी, म्हणजे राजवाघीण. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या त्याच काळातल्या संस्कृत काव्यात ही लढाई सविस्तर येते, आणि त्यात ती कारतलबखानाला चांगलीच सुनावते: सैन्य घेऊन सिंहाच्या रानात शिरलास हेच चुकलं, आता मरण्यापेक्षा शरण जा. खानाने ऐकलं. महाराजांकडे वकील गेला. खंडणी द्या, सामान-सुमान इथेच टाका आणि जीव घेऊन परत जा, अशी अट पडली. फौज आली त्या वाटेने रिकाम्या हाताने परत गेली.

मुलांनी ‘म्हणजे सगळ्यांना मारलं नाही?’ असं विचारलं तर घाईने पुढे जाऊ नका. आमच्या धाकट्याला हे जरा मिळमिळीत वाटलं होतं. मग थोरलीने त्याला विचारलं, ‘तुला हजारो मेलेली माणसं हवीत की हजारो घोडे?’ तो घोडे म्हणाला.

आणखी एक अवघड प्रश्न येतो, त्याची तयारी ठेवा. खानाच्या फौजेत गाढे, कोकाटे, जाधव अशी आडनावं होती. ‘मराठे तिकडे कसे?’ याचं खरं उत्तर असं की वतन आणि चाकरी जिथे, तिथे तलवार, ही त्या काळची रीत होती. स्वराज्याचा विचार तेव्हा नवा होता आणि तो सगळ्यांना पटलेला नव्हता. दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं. आपणच उगाच लपवतो.

सोबत काय न्यायचं

पाणी. माणशी तीन लिटर, आणि ते घरून किंवा लोणावळ्यातून भरून. खाली चावणीपाशी दुकानांच्या भरवशावर राहू नका. पायात चपला नकोत. नदीतले गोटे गुळगुळीत असतात आणि मुलं त्यांवरून उड्या मारणारच, तेव्हा मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत. टोप्या, एक जुनी चटई, साधी दुर्बीण असेल तर ती, आणि पंधरा-वीस मीटर सुतळीचा गुंडा. सुतळी कशाला ते पुढे येईल. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, घाटाखाली रेंज जाते-येते.

जेवण डब्यातच न्या. दशम्या, चटणी, दही-भात असं काही. स्वच्छतागृहाची सोय लोणावळा, खोपोली किंवा पाली इथेच उरकायची, हे आजी-आजोबांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐन वेळी कळलं की त्यांची पंचाईत होते आणि मग ते दिवसभर पाणीच पीत नाहीत.

पहिला टप्पा: कुरवंडे, सकाळी आठच्या आत

पुण्याहून लोणावळा साधारण ६५ किलोमीटर. लोणावळ्यातून आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळाकडे जाणारा रस्ता धरायचा आणि तो पुढे कुरवंडे गावात जातो. तळाच्या हद्दीजवळ फोटो काढू नका. मुलांच्या हातातले फोनही खाली ठेवायला सांगा. मुंबईकरांनी आधी खोपोलीला थांबायचा मोह टाळून सरळ घाट चढून लोणावळ्याला यावं. क्रम उलटा झाला तर मजा जाते.

कुरवंड्यात गाडी लावून नागफणीच्या बाजूला चालत जा. इंग्रजांनी याला ड्यूक्स नोज म्हटलं, आपल्याला तो फणा काढलेला नाग दिसतो. सुळक्याच्या माथ्यापर्यंत जायलाच हवं असं नाही. लहान मुलं आणि वडीलधारे असतील तर गावाबाहेरच्या पठाराची सुरक्षित जागा पुरते. कड्यापासून दहा पावलं मागे सीमारेषा ठरवा आणि ती कुणीही ओलांडायची नाही. इथे कठडे नाहीत.

आता खाली पाहा. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे आणि खालचं कोकण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. ती सगळी उंची एकाच टप्प्यात खाली तुटलेली दिसते. मुलांना विचारा, ‘तुम्ही खान असता तर इथून कसे उतरला असता?’ बोटाने वाट काढू द्या. कुणी सोंडेवरून जाईल, कुणी ओढ्यातून. मग विचारा, ‘घोडा कुठून जाईल? बैल? तंबूचं सामान?’ बोटं हळूहळू एकाच वाटेवर येतात. जिथे सगळ्यांची बोटं येतात तिथेच खानाची फौज गेली, आणि तिथेच ती येणार हे मराठ्यांनाही माहीत होतं.

आणखी एक गोष्ट इथूनच कळते. बोरघाट उतरला की माणूस खोपोलीला पोचतो, तिथून पनवेल आणि कल्याण. कुरवंड्याचा घाट मात्र दक्षिणेकडे, अंबा नदीच्या खोऱ्यात उतरतो, आणि अंबा पुढे पालीवरून नागोठण्याकडे जाऊन धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे ही वाट नागोठणे-चौलच्या बंदरांकडे जाणारी. खानाने ही वाट निवडली ती काही वेडेपणाने नाही. घाटांचं हे गणित मुलांना नकाशावर दाखवण्यापेक्षा कड्यावर उभं राहून हाताने दाखवलेलं जास्त टिकतं.

वारा इथे भरपूर असतो. तो अंगावर घ्या आणि मुलांना सांगा, हा लक्षात ठेव, दुपारी याची आठवण काढायची आहे.

दुसरा टप्पा: घाट उतरून चावणी

लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने खोपोली. तिथून पाली रस्ता धरायचा. खोपोलीपासून साधारण तेरा-चौदा किलोमीटरवर शेमडी गावापाशी डावीकडे चावणीचा फाटा आहे. उंबरखिंडीची पाटी दिसते, पण गाडी जोरात असेल तर हुकते, म्हणून बारा किलोमीटरनंतर वेग कमी करा आणि मुलांना पाटी शोधायच्या कामाला लावा. तिथून आत काही किलोमीटर गेलं की चावणी.

गाडी नसेल तरी जमतं. कर्जतहून खोपोलीला लोकल येते, आणि खोपोलीहून पालीकडे जाणारी एसटी शेमडीला सोडते. पुढचं अंतर चालायचं किंवा मिळाली तर रिक्षा. मात्र असं आलात तर वरचा कुरवंड्याचा टप्पा त्याच दिवशी धरू नका, धावपळ होते. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

गावात शिरल्यावर काच खाली करून कुणाला तरी नमस्कार करा, ‘स्मारकाकडे जातोय’ म्हणून सांगा. वाट तर कळतेच, शिवाय गावाला माहीत राहतं की आत कोण गेलंय. गाडी शेताच्या बांधात किंवा बैलगाडीच्या वाटेत लावू नका.

तिसरा टप्पा: पात्रात उतरल्यावर

स्मारकाला आधी नमस्कार करा, पाटी वाचा, फोटो काढायचे ते काढून घ्या. हे आधी संपवलेलं बरं, म्हणजे मन मोकळं होतं. मग स्मारकाकडे पाठ करा आणि वरच्या अंगाला, सह्याद्रीकडे तोंड करून उभे राहा. सकाळी तुम्ही जिथून खाली पाहत होता ती बाजू आता वर आहे. नागफणी कुठली हे गावातल्या कुणालाही विचारा, बोट दाखवतील. दुर्बीण इथे काढायची. मुलांना ‘आपण तिथे होतो!’ हे उमगतं तेव्हा आवाज चढतो, चढू द्या.

आजी-आजोबांना सावलीत चटई टाकून द्या. त्यांना सगळीकडे फिरवू नका. त्यांच्याकडे एक काम मात्र द्या: ते खिंडीचं तोंड. ते बसले आहेत तिथून कुणी पुढे जायचं नाही.

आता सुतळी. घरातल्या सगळ्यांनी एकामागोमाग एक, दोन हातांचं अंतर ठेवून, पात्राकडेच्या पायवाटेने चालायचं. दोघंजण शेजारी-शेजारी आले तर बाद. पाच-सहा जणांची रांग सुतळीने मोजा. दहा-बारा मीटर भरते. म्हणजे माणशी दोन मीटर. मग थोरल्या मुलाला हिशेब करायला सांगा: हजार माणसं असतील तर? दोन किलोमीटर. दहा हजार असतील तर? वीस किलोमीटर. आणि हे नुसते पायी चालणारे, घोडे आणि सामानाची जनावरं धरलेलीच नाहीत. वीस किलोमीटर म्हणजे रांगेचं डोकं चावणीत आणि शेपूट लोणावळ्याच्याही मागे. पुढच्याला मार बसतोय हे मागच्याला कळायला किती वेळ लागेल? मागचे तर येतच राहणार, ढकलतच राहणार. मोठी फौज हीच खानाची अडचण कशी झाली, हे मला स्वतःला याच सुतळीने कळलं. पुस्तकात ‘प्रचंड सैन्य’ हे शब्द मी शंभरदा वाचले होते.

त्यानंतर बाजू बदला. मुलांना पात्राच्या कडेच्या झाडीत, तुम्हाला दिसतील इतक्याच अंतरावर, लपायला पाठवा आणि मोठ्यांनी पायवाटेने चालावं. झाडीतल्या मुलांना वाटेवरचा प्रत्येक माणूस दिसतो. वाटेवरच्यांना मुलांचे फक्त आवाज ऐकू येतात, तेही नेमके कुठून ते कळत नाही. डोंगरात आवाज फिरतो. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडवायची बंदूक एकदा उडाली की पुन्हा ठासायला वेळ लागायचा. झाडीत बसलेल्याला तो वेळ आरामात मिळतो. वाटेवर अडकलेला, ज्याला दिसतच नाही कुणावर झाडायची, त्याच्या हातात ती नुसती काठी. घोडेस्वाराचं तर विचारूच नका. मैदानात ज्याची धास्ती, तो इथे उतरून लगाम धरून चालणारा माणूस.

बारा-साडेबाराला सगळ्यांना पाच मिनिटं गप्प उभं करा. सकाळचा वारा आठवा. इथे पानही हलत नाही. ‘पाणी प्यायचंय’ असं कुणीतरी म्हणेलच, तेव्हा लगेच देऊ नका, दोन मिनिटं थांबा आणि मग द्या. आमच्या धाकट्याने नेमकं त्याच वेळी विचारलं, ‘रायबागनला पण तहान लागली असेल ना?’ यापुढे मी काही समजावलं नाही. सासऱ्यांना मात्र बाटली आधीच दिली होती, एप्रिलची आठवण ताजी होती.

झाडीत शिरताना दोन गोष्टी पाहा. साप असू शकतो, म्हणून काठी आपटत जायचं आणि दगडाखाली हात घालायचा नाही. आणि खाजकुयलीच्या शेंगांना मुलांनी हात लावू नये; थंडीत त्या वाळलेल्या असतात आणि अंगाला लागल्या तर पुढचा तास रडण्यात जातो. डबक्यात पाय बुडवायला हरकत नाही, पोहायला उतरू नका.

मुलं मोठी असतील तर

बारा-तेरा वर्षांपुढची आणि डोंगरात चालायची सवय असलेली मुलं असतील तर कुरवंड्याहून चावणीपर्यंत तो घाट प्रत्यक्ष उतरून जाता येतो. मुलांच्या चालीने तीन-चार तास धरा. वाटेला फाटे आहेत, म्हणून गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे घासाघीस न करता आधी ठरवा. घरातल्या एकाने गाडी घेऊन खोपोलीमार्गे चावणीत पोचायचं. आमच्याकडे हे काम माझ्याकडे येतं आणि मला ते मुळीच खटकत नाही. घाट उतरून आलेल्यांचे गुडघे आणि चेहरे पाहत आपण सावलीत बसून दशमी खायची, हीसुद्धा खिंडीच्या तोंडाशी बसून वाट पाहण्याचीच गंमत आहे.

उतरताना मुलांना एकच काम द्या: जिथे दोघं शेजारी चालू शकत नाहीत अशा जागा मोजायच्या. थोरलीने मोजल्या तेव्हा चाळिसाच्या पुढे गेल्यावर तिने नाद सोडला.

परतताना

कागद, पिशव्या, फळांच्या साली, सगळं गाडीत परत. स्मारकावर चढून फोटो काढू नका आणि काढणाऱ्यांना पाहून आपल्या मुलांना ‘ते बघ’ म्हणून दाखवूही नका. घोषणा द्यायच्या असतील तर एकदा मनापासून द्या. सतत दिल्या तर गावातल्या म्हाताऱ्यांची दुपारची झोप मोडते.

वेळ उरला तर दोन वाटा. खोपोलीकडे परतलात तर महडचा वरदविनायक जवळ आहे, देऊळ छोटं आणि शांत. पालीकडे पुढे गेलात तर बल्लाळेश्वर, म्हणजे एका दिवशी रणभूमी आणि अष्टविनायकातला एक गणपती, यावर सासूबाई खूश. पालीत देवळामागे सरसगड दिसतो, तो चढायचा हट्ट मुलं धरतील. त्या दिवशी नाही म्हणा. पालीजवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत. दिवसभर गोट्यांवरून चाललेल्या पायांना तिथे फार बरं वाटतं. कपड्यांचा जादा जोड आणि एक पंचा गाडीत वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी सकाळी सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे संध्याकाळी ती सगळ्यात वर सापडते.